कारास्कोंच्या घरातला पिचर

ओफेलिया कारास्कोची खुर्ची कॉलेजच्या बेसबॉल मैदानावर, बॅटवाला उभा राहतो त्या होम प्लेटच्या बरोबर मागे, जाळीला साखळीनं बांधलेली असे. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला की खुर्ची तिथं जायची आणि हंगाम संपल्यावरच घरी यायची. पश्चिम टेक्सासचा वारा असा, की बांधली नाही तर संध्याकाळी ती कुणाच्या तरी कापसाच्या रानात उलटी पडलेली सापडायची. हे सांगायचं कारण. खरं कारण असं, की तिच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं तिला खपत नसे. कॉलेजात नवीन आलेला गणिताचा एक मास्तर एकदा बसला होता. ओफेलिया त्याला काय बोलली ते कुणी नीट ऐकलं नाही, पण तेव्हापासून तो बेसबॉल बघायला येतो तो पार तिकडे, पहिल्या बेसच्या पलीकडे बसतो.

तिचा नातू चेमो संघाचा कॅचर, म्हणजे बॅटवाल्याच्या मागं बसून पिचरनं टाकलेला चेंडू झेलणारा. कागदावर अनसेल्मो, पण त्या नावानं त्याला फक्त दाताचा डॉक्टर हाक मारतो. कॅचर असणं कारास्कोंच्या रक्तातच होतं. ओफेलियाचा नवरा इसिद्रो कापसाच्या जिनिंगवर काम करायचा आणि रविवारी जिनच्या संघाचा कॅचर असायचा. चेंडू झेलून झेलून त्याच्या उजव्या हाताची बोटं झाडाच्या फांद्यांसारखी वाकडी झाली होती. तो गेला तेव्हा पेटीत ठेवताना दफनवाल्यानं ती सरळ करायला घेतली, तर ओफेलियानं त्याच्या हातावर चापट मारली. राहू देत तशीच, म्हणाली, देवाला ओळखू यायला नको का.

पिचरांबद्दल मात्र तिचं मत वाईट होतं. पिचर म्हणजे नवरदेव, असं ती म्हणायची. त्याच्यासाठी मातीचा उंचवटा रचायचा, त्यानं टोपी सारखी करायची, आभाळाकडे बघायचं, मनात येईल तेव्हा चेंडू टाकायचा, आणि तोवर सगळ्यांनी वाट बघत उभं राहायचं. खेळ चालवतो तो कॅचर. उकिडवा बसून, धूळ खात, सगळ्यांची तोंडं बघत. घर चालवणारी बाई आणि कॅचर, दोघांची कंबर एकाच जागी दुखते.

दोन वर्षांपूर्वी कोच डेल हॅटफील्ड चेमोला आपल्या संघात न्यायला तिच्या घरी आला, तेव्हा तिनं त्याला स्वयंपाकघरात बसवून मेनुदो, आतड्यांचा झणझणीत रस्सा, वाढला होता. हॅटफील्ड वाळकुंडा, उन्हानं भाजलेला माणूस. संघाची बस तोच चालवायचा, मैदानावर पाणीही तोच मारायचा. दुसरा वाडगा संपल्यावर ओफेलियानं विषय काढला. पोराच्या हातातला जोर बघून जो कोच यायचा तो म्हणायचा, याला पिचर करू या. ते चालणार नाही, ती म्हणाली. माझा नातू कॅचर म्हणून येईल आणि कॅचर म्हणूनच राहील, तसा शब्द दे. हॅटफील्डनं बोटं पुसली आणि शब्द दिला. चेमो तेव्हा फ्रिजला टेकून उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

हे कॉलेज दोन वर्षांचं. दोन वर्षं खेळायचं आणि तेवढ्या अवधीत कुणा मोठ्या विद्यापीठाच्या नाहीतर व्यावसायिक संघाच्या माणसाच्या डोळ्यात भरायचं. नाही भरलं तर बूट काढून ठेवायचे आणि कामाला लागायचं. चेमोची दोन वर्षं मे महिन्यात संपत होती. आता एप्रिल सरत आलेला, घरच्या मैदानावरचा शेवटचा शनिवार उजाडलेला, आणि चेमोला अजून कुणी विचारलं नव्हतं. त्याच्या मामानं तेलविहिरींवर पाइप टाकणाऱ्या टोळीत त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती. काम वाईट नव्हतं. पण मामाचं नाव निघालं की चेमो जेवता जेवता ताट बाजूला सारायचा, आणि ओफेलियाला ते दिसायचं.

त्या शनिवारी लागोपाठ दोन सामने होते. पहिल्या सामन्याला पेटिग्रू नावाचा माणूस आला. पूर्वेकडच्या एका विद्यापीठासाठी तो खेळाडू हेरायचा. खांद्याला घडीची खुर्ची, हातात चेंडूचा वेग मोजायची बंदूक. आला होता संघाचा उंच, देखणा पिचर ट्रे व्हिटलॉक याला बघायला, आणि बंदूक रोखायला होम प्लेटच्या मागची जागाच लागते, म्हणून ओफेलियाच्या शेजारीच बसला. पलीकडच्या खुर्चीत विल्मा डंकली. विल्माचा मुलगा इथं खेळून जमाना झाला, तो आता दोन लेकरांचा बाप, पण तिची खुर्ची काही सुटली नव्हती.

ओफेलियानं पेटिग्रूला अंडं-बटाट्याचा बुरिटो दिला. अर्धा संपेपर्यंत ती थांबली. आपलं अन्न तोंडात असताना माणसाला खोटं बोलवत नाही, असा तिचा अनुभव होता. मग तिनं विचारलं, कॅचर कसा वाटला.

पेटिग्रूनं घास गिळला. "हात सुरेख आहेत त्याचे. चेंडू सुटत नाही. आणि फेक तर काय सांगू, गुडघ्यावर बसून दुसऱ्या बेसवर मारतो. पण बाई, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कॅचर आमच्याकडं आहेत. आणि त्यांची बॅट चेंडूला लागतेही."

उरलेला अर्धा बुरिटो काढून घ्यावा असं ओफेलियाला वाटलं. पण माणूस खरं बोलला होता. चेमो बॅट घेऊन उभा राहिला की विल्मा पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायची, आणि तो बाद होऊन परत जाईपर्यंत शोधत राहायची.

पहिला सामना संपल्यावर मधल्या वेळात पोरं ओफेलियाच्या पिकअपच्या मागे रांग लावून खायची. पाहुण्या संघालाही तीच वाढायची, लांबून बसनं आलेली लेकरं म्हणून. त्या दिवशी चेमो मैदान झाडायला गेला होता, म्हणून त्याच्या वाटणीचे दोन बुरिटो ठेवायला तिनं त्याची पिशवी उघडली. आत एक हातमोजा होता. कॅचरचा असतो तसा गुबगुबीत, बिनबोटांचा नव्हे. पाचही बोटं वेगळी असलेला, काळा, वापरून मऊ पडलेला. पिचरचा.

नवऱ्याच्या कोटाच्या खिशात परक्या बाईची कानातली सापडावी तशी ओफेलिया त्या मोज्याकडे बघत राहिली. मग तो घेऊन थेट डगआउटच्या, म्हणजे खेळाडूंच्या बाकांच्या छपरीच्या मागे गेली. हॅटफील्ड तिथं पाण्याची नळी गुंडाळत होता.

तो खोटं बोलला नाही. जानेवारीपासून चाललंय, म्हणाला, सकाळी सहाला, जिमच्या मागं. पोरगाच माझ्याकडं आला. मी त्याला सांगितलं, हवा तेवढा सराव कर, पण सामन्यात तुला उंचवट्यावर चढवणार नाही, तुझ्या आजीला शब्द दिलाय. आणि शब्द मी पाळलाय, मिसेस कारास्को. तुम्ही म्हणत असाल तर सरावही आजपासून बंद.

बंदच, ओफेलिया म्हणाली. कारास्कोंच्या घरात पिचर नाहीत. तेवढ्यात चेमो खराटा घेऊन आला, मोजा आजीच्या हातात बघून जागच्या जागी उभा राहिला आणि बुटांकडे बघू लागला. तिनं मोजा त्याच्या छातीवर आपटला आणि आपल्या खुर्चीकडे निघून गेली.

"तुला माहीत होतं?" तिनं विल्माला विचारलं.

"अगं, बँकेतल्या पोरीला माहीत होतं," विल्मा म्हणाली. "सहा वाजता जिमच्या भिंतीवर गोळीबार चालल्यासारखा आवाज येतो. झोपलेलं कुत्रं उठतं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगायला जायचं कुणी? त्या गणिताच्या मास्तरनं?"

ओफेलिया तिच्याकडं पाठ करून बसली.

दुसरा सामना वाऱ्यात सुरू झाला. गुरुवारी धुळीचं वादळ झाल्यामुळं त्या दिवशीचे सामने शुक्रवारी खेळले गेले होते, आणि त्यात ट्रे सोडून संघातल्या बाकी सगळ्या पिचरांचे खांदे कामी आले होते. कुणी कोपर धरून बसला होता, कुणी पाठ. ट्रे तर सकाळीच पूर्ण सामना टाकून बर्फ बांधून बसलेला. तरी पोरं झुंजली, आणि शेवटच्या इनिंगला घरचा संघ एका धावेनं पुढं होता. आता समोरच्यांचे फक्त तिघे बाद करायचे होते. पण उंचवट्यावरच्या बिचाऱ्या पोराच्या हातात जीवच उरला नव्हता. त्याचे चेंडू प्लेटच्या आसपासही पडेनात. असे चार चेंडू पडले की बॅटवाला फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या पहिल्या टप्प्यावर जातो; बघता बघता दोघं तसे जाऊन बसले.

पेटिग्रूनं बंदूक पिशवीत घातली आणि खुर्चीची घडी घालायला घेतली. लांब जायचं होतं त्याला.

हॅटफील्ड डगआउटमधून बाहेर आला. कोच असा बाहेर येतो तेव्हा पिचरकडं जातो, चेंडू काढून घेतो आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो. हॅटफील्ड मात्र उंचवट्याकडं वळलाच नाही. तो होम प्लेटच्या मागे, सरळ जाळीकडं चालत आला.

"कोच, रस्ता चुकलात का?" अंपायरनं विचारलं.

हॅटफील्डनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. जाळीला तोंड लावून उभा राहिला आणि टोपी काढली.

"मिसेस कारास्को," तो म्हणाला, "माझ्याकडं आता एकच हात उरलाय. तो तुमच्या घरचा आहे. मी दिलेला शब्द परत मागायला आलोय. नाही म्हणालात तर हाच पोरगा टाकेल, आणि आपण हरू. काही बिघडत नाही, याआधीही हरलोय."

सगळं मैदान आपल्याकडं बघतंय हे ओफेलियाला कळत होतं. एरवी तिला ते आवडलं असतं. नाही म्हणायला तिनं तोंड उघडलं, इसिद्रोचं नावही जिभेवर आलं होतं. तेवढ्यात चेमोनं मुखवटा काढला आणि मागे वळून पाहिलं.

दोन वर्षं ती या खुर्चीतून नातवाची पाठ बघत आली होती. कॅचर प्रेक्षकांकडं पाठ करूनच बसतो. सामना चालू असताना त्याचं तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं. गालांवर मुखवट्याच्या पट्ट्यांचे वळ, भुवयांत धूळ. बेसवर दोघं उभे होते, सामना हातातून निसटत होता, आणि पोरगा त्यातल्या कशालाच घाबरला नव्हता. तो तिला घाबरला होता. लोकांनी आपल्याला घाबरावं हे ओफेलियाला आवडायचं. हे नाही आवडलं.

"तुला हवंय हे?" तिनं विचारलं.

"हो, आजी."

"कधीपासून?"

"शाळेपासून."

"मग बोलला का नाहीस?"

चेमोनं मुखवट्यावरची धूळ बोटानं पुसली. विल्मा खाकरली. मागच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं.

"विल्मा, तू गप्प बस," ओफेलिया म्हणाली. मग हॅटफील्डकडं वळली. "घे तुझा शब्द. आणि लवकर आटप, हा अंपायर कधीचा माझ्या जाळीला टेकून उभा आहे." चेमोला म्हणाली, "आधी गुडघ्यांवरचं ते काढ. तसाच चढलास तर लोक आपल्याला हसतील."

चेमो छातीचं कवच, पायांवरच्या ढाली वाटेतच सोडत पळाला. डगआउटमधून ऑगी नावाचा पहिल्या वर्षाचा गोल चेहऱ्याचा पोरगा कॅचर म्हणून आला, घाईत त्याच्या ढाली उलट्या बांधलेल्या. ओफेलियानं शेजारी पाहिलं. पेटिग्रू अर्ध्या घडीची खुर्ची हातात धरून उभा होता.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला. पिशवीतून बंदूक काढली, ती केवळ बाईंना बरं वाटावं म्हणून.

चेमोचा पहिला चेंडू ऑगीच्या डोक्यावरून गेला आणि ओफेलियाच्या तोंडासमोर जाळीत असा रुतला की जाळी थरथरत राहिली. तिची पापणीसुद्धा हलली नाही. बेसवरचे दोघंही एकेक बेस पुढं सरकले. आता साधा फटका बसला तरी दोघंही होम प्लेटला पोचून समोरचे पुढं गेले असते. लोक हाय हाय करत होते, पण पेटिग्रू बंदुकीकडं बघत होता. त्यानं ती झटकली, पुन्हा बघितली.

दुसरा चेंडू मधोमध आला. बॅटवाल्यानं बॅट फिरवली ती चेंडू ऑगीच्या हातात शिरल्यावर. जिमच्या भिंतीमागून येणारा तो आवाज ओफेलियानं पहिल्यांदा ऐकला. पेटिग्रूनं बंदूक तिच्याकडं वळवली. त्यावर ताशी पंच्याण्णव मैलांचा आकडा होता.

"हे चांगलं आहे का?" तिनं विचारलं.

"बाई," पेटिग्रू म्हणाला, "सकाळचा तो पोरगा अठ्ठ्याऐंशी टाकत होता, आणि त्याच्यासाठी मी रात्रभर गाडी चालवत आलो."

तीनदा चेंडू हुकला की बॅटवाला बाद; पहिला तसाच हवेत बॅट फिरवून गेला. दुसऱ्यानं कसाबसा चेंडूला बॅटचा काठ लावला, आणि चेंडू प्लेटच्या वर उंच आभाळात गेला, वाऱ्यानं हेलकावत. असला झेल पिचरचा नसतो. पिचरनं हात खाली घालून लांब उभं राहायचं आणि कॅचरला घेऊ द्यायचं, अशी रीत आहे. पण चेमोच्या डोक्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. तो उंचवट्यावरून धावत सुटला, बाजूला हो, बाजूला हो, असं ऑगीवर ओरडत आला, आणि प्लेटजवळ पोचताच, कॅचर मुखवटा काढून भिरकावतात तसा डोक्याकडं हात नेऊन त्यानं डोक्यावरची टोपी लांब फेकून दिली. मग मान वर करून, दोन पावलं मागं सरकून चेंडू घेतला. कसलाही मुखवटा आपल्या तोंडावर नव्हता हे त्याला झेल घेतल्यावर समजलं.

ओफेलिया हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. विल्मा तिच्या दंडाला धरून हसली, जाळीपलीकडं अंपायरही हसला, आणि चेमो धुळीतली टोपी उचलताना कानांपर्यंत लाल झाला. तिकडं उंचवट्याकडं परत जाताना मात्र तो चालला तो नवरदेवासारखा. टोपी सारखी केली. आभाळाकडं बघितलं. सगळ्यांना थांबायला लावलं.

"आहेच की अंगात," विल्मा म्हणाली.

"गप्प बस म्हटलं ना," ओफेलिया म्हणाली, पण तिचं लक्ष नव्हतं. ती खुर्चीच्या कडेवर आली होती. पिचर समोर तोंड करून उभा असतो. प्रत्येक फेकीला त्याचं तोंड तिला दिसत होतं, ओठ दाबलेले, डोळे ऑगीच्या हातावर, आणि चेंडू सुटला की क्षणभर पोरगा अंघोळीतून बाहेर आल्यासारखा स्वच्छ दिसायचा. शेवटच्या बॅटवाल्यानं तीनदा बॅट फिरवली. तिसऱ्यांदा तर चेंडू कुठून गेला हे विचारायला त्यानं अंपायरकडं बघितलं. सामना संपला. पोरं डगआउटमधून उधळली आणि चेमो त्यांच्याखाली दिसेनासा झाला.

पेटिग्रू गाडीकडं गेला नाही. पार्किंगच्या कडेला उभा राहून त्यानं दोनदा फोन केला, हातवारे करत. मग हॅटफील्डशी बोलला, मग घामानं निथळणाऱ्या चेमोशी, आणि शेवटी जाळीपाशी आला. त्याच्या वरच्या कोचनं होकार दिला होता. पुढच्या आठवड्यात येऊन मैदान बघा, म्हणाला, आवडलं तर दोन वर्षांची जागा, शिकण्या-राहण्याच्या खर्चासकट, आम्ही त्याच्यासाठी धरून ठेवतो. बॅट त्याला हातातही धरावी लागणार नाही.

ओफेलियानं त्याला जेवण कुठं मिळतं ते विचारलं. चर्च किती लांब ते विचारलं. पोराच्या खांद्याला काही झालं तर कोण बघणार, आणि त्या डॉक्टरचं वय किती, तेही विचारलं. उत्तरं बरी वाटल्यावर तिनं मान हलवली.

"एक सांगा, बाई," पेटिग्रू म्हणाला, "याला पिचर करायचं पहिल्यांदा कुणाच्या डोक्यात आलं?"

"घरात ठरलं," ओफेलिया म्हणाली.

विल्मानं पर्स उघडली आणि आत काहीतरी शोधू लागली.

चेमो आला. खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली, चेहऱ्यावर ते हसू, जे लपवता येत नाही आणि कसं ठेवावं तेही कळत नाही. ओफेलियानं त्याच्या गालावरची धूळ अंगठ्यानं पुसली, मामाला आजच फोन कर म्हणाली, आणि आणखी काही बोलायच्या आत ती त्याच्या खांद्यापलीकडं बघायला लागली. प्लेटजवळ ऑगी हात झटकत उभा होता. तळवा लालभडक सुजला होता त्याचा.

"ए, इकडं ये," तिनं हाक मारली. "तो पहिला चेंडू सोडलास तू माझ्या नातवाचा."

ऑगी म्हणाला की चेंडू फार जोरात येत होते, आजी.

"येणारच. तू त्यांना भेटायला कशाला जातोस? बसून राहायचं, चेंडू आपणच येतो. आण तो मोजा."

जाळीच्या बाजूचं दार उघडून ती मैदानात गेली. स्कर्ट गुडघ्यांत खोचला, ऑगीचा गुबगुबीत मोजा डाव्या हातात चढवला, आणि सत्तरी ओलांडलेली ती बाई होम प्लेटच्या मागे, मातीत, उकिडवी बसली. उजवा हात पाठीमागे लपवला, बोटं आत मुडपून, इसिद्रोनं शिकवलं होतं तसा. डगआउटमधली पोरं उठून उभी राहिली. हॅटफील्ड नळी टाकून बघत राहिला.

"आजी, बर्फ बांधलाय माझ्या हाताला," चेमो म्हणाला.

"मग दुसऱ्या हातानं टाक."

"अगं ए, हिला मग उठवणार कोण?" जाळीमागून विल्मा म्हणाली.

"ते नंतर बघू," ओफेलिया म्हणाली, आणि तिनं मोजा पुढं धरला.